आत्मारामाच्या दाराशी

प्राचार्यांच्या दाराशी स्टुलावर बसणे हे काम शिपाई आत्माराम देवरूखच्या कॉलेजात चौदा वर्षे निष्ठेने करीत होता. त्याचे कौतुक मात्र कुणी केले नव्हते. ते १९८६ साली जीवशास्त्राने केले.

खडू द्यायला तो वर्गात गेला तेव्हा दमयंतीबाई शिकवीत होत्या, "पेशीच्या अंगावर ग्राहक असतात, म्हणजे रिसेप्टर. काही संप्रेरकं पेशीत शिरतच नाहीत. बाहेरून ग्राहकाला चिकटतात. ग्राहक आत निरोप देतो, तो पुढे जाताना वाढत जातो आणि शेवटी केंद्रकातलं नेमकं जनुक कामाला लागतं. आपल्या आत्मारामासारखंच!"

वर्ग हसला. आत्मारामाचा ऊर भरून आला. पुढचे न ऐकताच तो तडक स्टुलावर जाऊन बसला.

दुपारी राही परीक्षेचा फॉर्म घेऊन आली. प्राचार्यांची सही हवी होती आणि फॉर्म घेणारी खिडकी पाचला बंद होणार होती. आज चुकले तर वर्ष बुडाले.

"काका, सही घेऊन येते."

"थांब गो! भायरचा आत जात नाय. निरोप जातो. बाईंनी शिकवलानी."

"मग फॉर्म तरी न्या."

"फॉर्मपन भायरचाच."

त्याने विमलाबाई कारकुनांना सांगितले, एका मुलीला सही हवी. विमलाबाईंनी दोन टेबलांना कळवले, त्यांनी चारांना. साडेचारला सगळे कार्यालय एकाच वेळी कामात होते. असे पूर्वी कधी घडले नव्हते. हेडक्लार्कांकडून निरोप आत पोचला तेव्हा मुली साठ झाल्या होत्या. मोर्चाच्या भीतीने प्राचार्यांनी कपाटातल्या साठ कोऱ्या फॉर्मांवर घामाघूम होत सह्या ठोकल्या.

"सही झाली, साठ फॉर्मांवर," आत्मारामाने अभिमानाने जाहीर केले.

"मग त्यातला एक आणा ना!"

"आतला भायर येत नाय. निरोप येतो. तो दिला मी."

पाचला पाच मिनिटे होती. राहीचे डोळे भरून आले, मग तिला भयंकर राग आला. तिने दार ढकलले. त्याला कडी नव्हतीच. अर्ध्या मिनिटात प्राचार्यांनी सही केली आणि विचारले, "सकाळीच का नाही आलीस?"

राही खिडकीकडे पळाली. आत्माराम सुन्न झाला. पण भिंतीलगतच्या लांबलचक बाकावर प्राचार्यांच्या भेटीसाठी सकाळपासून बसलेल्या बावीस जणांनी त्याला धीर दिला. काय ही आजकालची मुलगी, काही रीतभात नाही, असे म्हणत ते पुन्हा नीट टेकून बसले. बाकाच्या टोकाला थोडी जागा आहे. या, बसा, आपल्याला सवय आहेच.