दहा टेराबाइटच्या आत

सर्व्हरताई सुट्टीचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरली, आणि नेमका त्याच वेळी साहेबांच्या हातात बॅकअपच्या लायसन्सचा नवा दर होता. वेळ साधावी तर अशी!

कंपनी गाद्यांची. खाली कारखाना, वर ऑफिस. ऑफिसातले झाडून सगळे कॉम्प्युटर एकट्या ताईच्या जिवावर चालत, म्हणून तिचं नाव सर्व्हरताई पडलं. खरं नाव पगाराच्या यादीत असेल, पण कुणी बघायला गेलं नव्हतं.

"तिप्पट?" साहेब कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले. लांबून आकडा कमी दिसेल अशी त्यांना आशा असावी. "एका वर्षात तिप्पट?"

"साहेब, आपला डेटा वाढलाय. लायसन्सच्या पट्ट्या असतात. दहा टेराबाइटपर्यंत एक पट्टी, त्याच्या वर गेलं की एकदम पंचवीसची. आपण अकरावर आहोत."

"मग त्या एकाचे जास्तीचे पैसे घ्या म्हणावं."

"तसं नाही चालत. अकरा झाले तरी पंचवीसचेच भरायचे."

"म्हणजे गिऱ्हाइकानं अकरा गाद्या मागितल्या तर मी पंचवीसचे पैसे लावायचे? असा धंदा मी केला असता, तर लोकांनी मला माझ्याच गादीत घालून शिवला असता!"

ताईला साहेबांचं शंभर टक्के पटलं होतं, पण लायसन्स देणाऱ्यांना पटणार नव्हतं. मग साहेबांची नजर तिच्या हातातल्या अर्जावर गेली. दोन आठवडे. म्हणजे तिच्या जागी दोन आठवडे बाहेरचा माणूस बसवायचा, त्याला पैसे द्यायचे, आणि वर हे तिप्पट.

"दोन्ही जमायचं नाही," साहेबांनी निकाल दिला. "त्यांची डेटाची मोजणी कधी आहे?"

"शुक्रवारी पाच वाजता."

"तोपर्यंत दहाच्या आत आणा आणि खुशाल सुट्टीवर जा. नाही आलं, तर हा अर्ज तुमचा तुम्हाला परत."

घरी नवऱ्यानं तळ्याकाठचं एक लहानसं घर भाड्यानं घेऊनही टाकलं होतं. लग्न झाल्यापासून दोघं दोनदा फिरायला गेली होती. पहिल्या वेळी ताई टेकडीवर उभी राहून फोनला रेंज शोधत बसली. दुसऱ्या वेळी तर अर्ध्या वाटेतून बस बदलून परत यावं लागलं, का, तर प्रिंटर चालेना. आणि आल्यावर कळलं की प्रिंटरमध्ये कागदच नव्हता. नवऱ्यानं त्या दिवशी बॅगही उघडली नाही, नुसता बॅगेकडे बघत बसला होता. या वेळी जायचंच, असं तिनं त्याला वचन दिलं होतं.

"टाक ना पुसून सगळं," नवरा म्हणाला.

"अरे, लोकांची कामं असतात त्यात!"

"गादीला कसलं आलंय काम? नुसतं पडून राहायचं."

दुसऱ्या दिवशी ताईनं सगळ्यांना सूचना पाठवली. जुन्या, बिनकामाच्या फाइली शुक्रवारी काढून टाकल्या जातील, तरी गरजेच्या फाइली सुरक्षित जागी हलवाव्यात. सूचनेत एकही चूक नव्हती. चूक वाचणाऱ्यांत होती.

या ऑफिसची एक रीत होती. इथं कुणी काही पुसत नसे. मागे कधीतरी कुणाचा तरी एक कागद हरवला होता आणि साहेब आठवडाभर ओरडत होते. त्याचा लोकांनी एवढा धसका घेतला, की तेव्हापासून प्रत्येक गोष्ट दोनदा ठेवायची सवयच लागली. सर्व्हरवर 'सुरक्षित' नावाचा एक फोल्डर होता, तो तर सगळ्यांचा लाडका. सूचना वाचताच सगळ्यांनी आपापल्या फाइली भराभर त्या फोल्डरमध्ये टाकल्या. हलवल्या नाहीत, नक्कल करून टाकल्या. मूळच्याही राहू दिल्या, असाव्यात म्हणून.

संध्याकाळी ताईनं आकडा बघितला. अकराचे चौदा झाले होते.

"अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मग ती पदर खोचून, म्हणजे बाह्या वर सारून, एकेकाच्या टेबलाशी जाऊन बसली. आधी हिशेबाचे काका. काकांकडे प्रत्येक ताळेबंदाचे वीस-वीस अवतार होते. 'अंतिम', 'अंतिम खरा', 'अंतिम आता हात लावू नये', 'अंतिम हात लावलेला'.

"काका, यातला खरा कुठला?"

"शेवटचा."

"शेवटचा कुठला?"

काका विचारात पडले. "तेच तर ना. म्हणूनच सगळे ठेवलेत."

डिझाइनवालीकडे गाद्यांचे फोटो होते. पांढरी गादी, पांढरी भिंत, पांढरा प्रकाश. एकेका गादीचे शेकडो फोटो, आणि सगळे सारखे.

"हे कुठे सारखे आहेत?" डिझाइनवाली दुखावली. "यात गादी शांत वाटते. यात जरा उदास वाटते."

"उदास गादी विकणार कुणाला? दे पुसून!"

डिझाइनवालीनं डोळे मिटून एकेक बटण दाबलं. काकांनी तर प्रत्येक फाइलीला मनातल्या मनात नमस्कार केला. हुज्जत घालण्यात, समजुती काढण्यात बुधवार गेला. 'सुरक्षित' रिकामा झाला आणि आकडा पुन्हा अकरावर आला. एवढी मेहनत करून ताई होती तिथंच येऊन उभी राहिली.

तेव्हा तिला चाचणीवाला आठवला.

खाली कारखान्यात एक जाडजूड रोलर होता. तो गादीवरून मागे-पुढे, मागे-पुढे फिरे. गादी दबते का, हे बघायला हजारो फेऱ्या होत. त्या सगळ्या फेऱ्यांचा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचणीवाल्यानं व्हिडिओ काढलेला असे. दोन टेराबाइट नुसता रोलर.

"हे कुणी बघतं का रे?" ताईनं विचारलं.

"मी बघितला ना एकदा."

"मग? काय कळलं?"

"नाही सांगता येणार. डोळा लागला." चाचणीवाला प्रामाणिक माणूस होता. "पण ताई, पुसायचा नाही हां. पुरावा आहे तो. एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं तर?"

वाद घालायला वेळ नव्हता. ताईनं कपाटातली एक मोठी डिस्क काढून त्याच्या हातात दिली. व्हिडिओ यात उतरव, कॉम्प्युटरवरचे काढून टाक, संपलं. चाचणीवाल्यानं मान डोलावली आणि अगदी मन लावून काम केलं. गुरुवारी दुपारी ताईनं मोठ्या आशेनं आकडा बघितला. तेरा!

तिनं तडक लायसन्सवाल्याला फोन लावला. तो बॅकअप विकणाऱ्यांकडचा तरुण होता, आवाजानं मधाळ. त्याला कधी राग येत नसे आणि त्यामुळे समोरच्याला फार येई.

"मॅडम, ती आमची खास सोय आहे," तो म्हणाला. "नवीन डिस्क जोडली रे जोडली, की ती आपोआप आमच्या संरक्षणाखाली येते."

"मी मागितली होती का ही सोय?"

"नाही मॅडम, ती मोफत आहे."

"मग मोजता कशाला?"

"सोय मोफत आहे, मॅडम. मोजणी वेगळी."

ताईनं फोन ठेवला आणि खाली धावली. चाचणीवाल्यानं डिस्कवर सगळं उतरवलं होतं, पण कॉम्प्युटरवरचं काढलं नव्हतं. डिस्क बिघडली तर, असं त्याच्या मनात आलं होतं म्हणे! ताईनं स्वतः ते व्हिडिओ काढले, डिस्क उपटली आणि चाचणीवाल्याच्या डब्याच्या पिशवीत घातली. "घरी ने. उशाशी घेऊन झोप, पण इथं जोडू नकोस."

हे एवढं झाल्यावर आकडा नऊवर यायला हवा होता, पण या लोकांनी तेवढ्या वेळात 'सुरक्षित' फोल्डर पुन्हा भरायला घेतला होता. शुक्रवारची दुपार कुणाच्या नकला शोधण्यात आणि कुणाला दटावण्यात गेली. चार वाजता आकडा दहाच्या किंचित वर अडकला. आता पुसण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. फक्त एक फोल्डर सोडून. तो होता साहेबांच्या कॉम्प्युटरवर, नाव 'खाजगी, उघडू नये', आणि वजन पाऊण टेराबाइट.

"साहेब, एवढं मोठं काय आहे यात?"

साहेबांनी उठून दार लावलं. "ताई, हे तुमच्या-माझ्यात."

गोष्ट अशी होती. कंपनीची सगळ्यात महाग गादी साहेबांनी स्वतः तयार केलेली होती. कंपनीच्या दुकानाच्या दारावर साहेबांच्याच फोटोखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या गादीवर कुणी घोरत नाही.' बाईसाहेब म्हणजे साहेबांची बायको आणि धंद्यातली अर्धी भागीदार. त्यांचं म्हणणं असं, की त्याच गादीवर हा माणूस रोज रात्री घोरतो, तेव्हा ती पाटी आधी उतरवा. साहेब म्हणत, शक्यच नाही. म्हणून ते वर्षभर उशीखाली माइक ठेवून झोपत होते. चांगल्यातला चांगला माइक, चांगल्यातलं चांगलं रेकॉर्डिंग.

"मग बाईसाहेबांना ऐकवलंत का नाही?"

"आधी मी ऐकायला नको? आणि आठ तासांची रात्र ऐकायची म्हणजे आठ तास लागतात."

"पण एखादी तरी ऐकली असेल ना?"

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "कामं असतात हो."

ताईनं घड्याळाकडे बघितलं. "असं करू. एक लावून बघू. शांत निघाली तर तेवढी पुरावा म्हणून ठेवू, बाकीच्या पुसू."

साहेबांना हे पटलं. ताईनं मधलीच एक रात्र उघडली. सुरुवातीला सगळं गप्प. साहेबांचा चेहरा फुलायला लागला. "बघा! मी काय म्हण—"

पुढचा शब्द कुणाला ऐकू आला नाही. स्पीकरमधून आधी काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, मग काहीतरी ओढल्यासारखा, आणि मग खिडकीची तावदानं थरथरली. ताई आवाज कमी करायला धडपडली. तेवढ्यात काही कामानं वर आलेला चाचणीवाला दार ढकलून आत घुसला.

"साहेब, रोलर बंद करायला सांगा! बेअरिंग गेलं! वरपर्यंत आवाज येतोय!" मग त्याच्या लक्षात आलं, की रोलर त्यानं स्वतःच मघाशी बंद केला होता. तो गोंधळून स्पीकरकडे बघायला लागला.

"स्पीकर बिघडलाय," ताई म्हणाली. "तू जा."

दार लागलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं सगळं निवडलं आणि पुसून टाकलं. वर्षभराच्या झोपेचा दोन मिनिटांत निकाल लागला.

पाचला मोजणी झाली. आकडा साडेनऊ! ताईला इतका आनंद झाला, की तिनं साहेबांसमोर टाळी वाजवली. आणि फोन वाजला. लायसन्सवालाच होता. साहेबांनी फोन स्पीकरवर घेतला.

"सर, मनापासून अभिनंदन. दहाच्या आत आलात. फारच थोड्यांना जमतं."

"बरं, मग जुनाच दर ना?"

"तेच सांगायचं होतं, सर. दहाची पट्टी आजपासून बंद झाली. सगळ्यांना सोपं पडावं म्हणून. आता सगळ्यात लहान पट्टी पंचवीसची."

यानंतर साहेब फोनमध्ये जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लायसन्सवाल्यानं ते सगळं शांतपणे ऐकलं, शुभ संध्याकाळ म्हटलं आणि फोन ठेवला.

साहेबांनी खण उघडला, अर्ज काढला आणि ताईपुढे सरकवला. "मला माहितीये तुम्ही मरमर केलीत. पण पैसे तर जाणारच. वर तुमच्या जागी माणूस कुठून आणू? या वेळी राहू द्या."

ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. राग आला, रडू आलं, आणि नवऱ्याला काय सांगायचं या विचारानं जीव कासावीस झाला. पण भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं अर्ज उचलला, नाक पुसलं आणि कामाचं बोलली.

"ठीक आहे साहेब. मग सोमवारपासून मी सगळ्यांचं पुसलेलं परत आणायला घेते. पंचवीसचे पैसे भरतोय, तर जागा रिकामी कशाला ठेवायची? काकांच्या फाइली, फोटो, तुमची रेकॉर्डिंगं..."

साहेबांनी झटक्यात मान वर केली. "माझी? माझी तर पुसली ना आत्ता?"

"इथली पुसली. मोजणीत धरत नाहीत, पण बॅकअपमध्ये आहेत की! पुसलेलं परत मिळावं म्हणूनच तर एवढे पैसे मोजतो आपण. सोमवारी बाईसाहेबही येणार आहेत, त्यांनाही काही जुनं हवंय. त्या शेजारी बसून एकेक उघडून बघतात, तेव्हा कुणाचंच काही राहून जाणार नाही."

साहेबांना दरदरून घाम फुटला. "हे... किती दिवस राहतं त्यात?"

"दोन आठवडे. तोवर कुणी परत आणलं नाही, तर आपोआप जातं."

"परत कुणाला आणता येतं?"

"फक्त मला."

"आणि तुम्ही इथं नसलात तर?"

"तर माझ्या जागी तुम्ही जो बाहेरचा माणूस बसवाल ना, त्याला. पासवर्ड देऊन जाईन मी."

"नको! बाहेरचा माणूस नको. कुणीच नको!"

साहेबांनी ताईच्या हातातून अर्ज जवळजवळ हिसकावला, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि सही ठोकली. अर्ज परत देता देता ते थांबले, दोन आठवडे लिहिलं होतं ते खोडलं आणि वर स्वतःच्या हातानं तीन लिहिलं.

"घ्या," ते म्हणाले. "एक आठवडा जास्तच राहा. खात्रीसाठी."