शेळीसाठी पाच फूट चार इंच

सुदाम गुरुजी शेळीला "सरळ उभी राहा" असं सांगतात, आणि ती ऐकत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

भर आठवडी बाजारात मी हे पाहिलेलं आहे. एका अनोळखी माणसाच्या शेळीपाशी गुरुजी उकिडवे बसलेले. टेपचं एक टोक शेळीच्या खुरापाशी, दुसरं तिच्या पाठीवर, आणि पेनाचं टोपण दातांत. मालकानं विचारलं, "घ्यायची हाय का, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "न्हाई. सरासरी काढून राह्यलो." त्या बिचाऱ्याला वाटलं, सरासरी काढणं ही भाव पाडायची काही नवी रीत असेल. त्यानं शेळीची दोरी सोडली आणि तिला घेऊन तो दुसऱ्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. गुरुजी टेप घेऊन तिकडेही गेले.

गुरुजींनी आमच्या कुंभार पिंपळगावात तीस वर्षं गणित शिकवलं. म्हणजे ते फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि आम्ही खिडकीकडे तोंड करून शिकायचो. आठवीला भूमितीत मला त्यांनी शंभरपैकी अकरा मार्क दिले, तेही अक्षर बरं होतं म्हणून. तोच मी आज अंबडच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकून बसलोय आणि दिवसभर कोन जुळवतोय, हे गुरुजींच्या डोळ्यांत सलतं. दुकानात आले की आधी ते माझ्या ग्रिलला काटकोन तपासायचा गुण्या लावून बघतात. तब्येतीची चौकशी त्यानंतर.

त्यांच्या तोंडी दोन वाक्यं कायमची. एक, "गृहीत धरू नको." आणि दुसरं, "सिद्धता दे." विहाराच्या पायऱ्या बांधून झाल्या तेव्हा गवंडी म्हणाला, सगळ्या सारख्या आहेत. गुरुजींनी सिद्धता मागितली. तिसरी पायरी पाऊण इंच जास्त निघाली. गवंड्यानं ती फोडून पुन्हा बांधली आणि जाताना गुरुजींना इतका खालून जयभीम घातला की तो नमस्कार आहे की शिवी, हे कुणालाच कळलं नाही. पुण्याला असलेला मुलगा फोनवर "मी बरा आहे" म्हणाला, तरी गुरुजी सिद्धता मागतात. हल्ली तो फोन कमी करतो.

आता या माणसाला शेळ्यांचं वेड कुठून लागलं, ते सांगतो.

शेळ्या गुरुजींच्या नाहीत. त्या चंद्राक्काच्या. चंद्राक्का म्हणजे गुरुजींची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढं, उंची बेताची, आणि स्वभाव लोखंडाचा. मी लोखंडातच काम करतो, म्हणून खात्रीनं सांगतो. आई लवकर गेली, तेव्हा या बाईनं दुसऱ्यांच्या शेळ्या वळून धाकट्या भावाला शिकवलं. भाऊ मास्तर झाला, स्लॅबचं घर बांधलं, घरात पंखा लावला. अक्का त्या घरात जेवते आणि झोपते. उरलेला सगळा वेळ ती तिच्या नऊ शेळ्यांमागं रानात असते. कापूस उपटून झालेल्या रानात तिला कुणी ना म्हणत नाही, कारण लेंडीखत आयतं मिळतं. आज याचं रान, परवा त्याचं. आणि आमच्याकडचं काळं रान असं, की सावली हवी असेल तर ती घरून न्यावी लागते.

अक्काची दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःसाठी ती काहीही घेत नाही. नवी चप्पल आणली, ती पेटीत. लुगडं आणलं, तेही पेटीत. छत्री आणली, तर म्हणाली, "मी काय कलेक्टर हाय का?"

गेल्या वैशाखात ती रानात चक्कर येऊन पडली. शेळ्या तिच्याभोवती ओरडत उभ्या राहिल्या, म्हणून वाटसरूच्या ध्यानात आलं. जीपमध्ये घालून अंबडला नेली, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं ऊन लागलं तर हातची जाईल. तिसऱ्या दिवशी अक्का पुन्हा रानात. गुरुजींनी तिला एकदाच सांगून पाहिलं, "अक्का, शेळ्या विकून टाक." त्यावर अक्का चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी गुरुजींनी बाजारातून टेप आणला आणि गावभर सांगत सुटले, "शेळ्यायला ऊन लागून राह्यलं. त्यायच्यासाठी हलवता येईल असा निवारा कराया पाहिजे."

आता तुम्हीच सांगा. बहीण उन्हानं मरता मरता वाचली, आणि या माणसाला काळजी कुणाची, तर शेळ्यांची! मला सख्खी बहीण नाही, पण मला राग आला. पारावर तर सगळ्यांनी एकमतानं ठरवलं, की जास्त गणित केलं की माणसाचं काळीज आटतं.

पहिला निवारा बांबूचा होता. वर कुणा भावी सरपंचाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स टाकलं होतं. शेळ्यांनी ते मिशीपासून खायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत गळ्यातल्या हारापर्यंत आल्या. दुसऱ्या निवाऱ्याला गुरुजींनी उसाच्या पाचटाचं छप्पर केलं. ते एका दुपारी संपलं. गुरुजींनी वहीत लिहिलं, "निष्कर्ष : छत खाण्याजोगे नसावे." ही वही मी डोळ्यांनी पाहिली आहे. वर 'उद्दिष्ट' आणि 'साहित्य' असे मथळे आहेत, समासही आखलेला आहे.

तिसऱ्याला त्यांनी मोडक्या सायकलींची चाकं लावली. वावटळ आली, निवारा आपल्या पायांनी निघाला, उतारावरून तीन रानं ओलांडून गेला आणि एका अनोळखी शेतकऱ्याच्या मोसंबीला टेकून थांबला. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. गुरुजी मात्र गंभीरपणे म्हणाले, "चला, हलतो हे तर सिद्ध झालं."

असं करत फाल्गुन उजाडला, ऊन चटकू लागलं, आणि गुरुजी माझ्या दुकानात आले. ग्रिलला गुण्या लावला, नाक मुरडलं, आणि वहीचं एक पान फाडून माझ्यासमोर ठेवलं.

"दिग्या, पाइपाचा सांगाडा, वर पत्रा, पत्र्यावर चुना. पश्चिमेला आडवा पत्रा. एका बाजूला स्कूटरची दोन चाकं, दुसऱ्या बाजूला हातगाडीसारख्या मुठी. बाकी मापं लिवलेली हायेत. वैशाखाच्या आत पाहिजे."

मी मापं वाचली आणि माझ्या अंगात आनंदाची लहर आली. उंची पाच फूट चार इंच! शेळी असते अडीच फुटांची. आत मागच्या बाजूला एक लाकडी फळी, जमिनीपासून सतरा इंचावर, लांबी पाच फूट. आणि फळीच्या उजव्या हाताला एक उभी दांडी.

"गुरुजी, शेळी फळीवर बसती का?"

"शिकवलं की बसंल."

"आन् ही दांडी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "उठताना धराया. म्हातारी शेळी हाय एक. गुडघे धरतात तिचे."

"उंची एवढी कामून पण?"

"हवा खेळाया पाहिजे. तू कर ना बाबा जल्दी."

ते गेले. मी त्या कागदाकडे बघत बसलो. तीस वर्षं ज्यानं आमच्या चुका लाल शाईनं गोल केल्या, त्याच्या गणितात ढळढळीत चूक, आणि ती सापडली कुणाला? अकरा मार्कवाल्याला. मी खरंच लाल मार्कर घेतला आणि 'पाच फूट चार इंच' भोवती गोल काढला. उंची केली साडेतीन फूट. फळी रद्द, दांडी रद्द. पत्रा वाचला, पाइप वाचला, आणि शेळ्यांना वावरायला जागाही झाली. काम इतकं झकास उतरलं, की दुकानापुढं उभं करून मी दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

टेम्पोत घालून तो निवारा मी स्वतः रानात नेला. चैत्रातली दुपार होती. अक्का, शेळ्या आणि गुरुजी तिघंही तिथं. मी निवारा उतरवला आणि गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिलो. मला त्यांचा पडलेला चेहरा पाहायचा होता, हे कबूल करतो.

गुरुजींनी टेप काढला. उंची मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. मग टेप आपसूक गुंडाळू दिला. ना सिद्धता मागितली, ना दिग्या म्हणाले. मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

तोवर शेळ्या आत शिरल्या. नऊच्या नऊ! धक्काबुक्की नाही, ओरडा नाही. आत जाऊन सावलीत रवंथ करत बसल्या. अक्का हरखून गेली.

"दिगंबरा, लई बराबर केलंस रं! किती निवांत बसल्या बग माझ्या बाया."

एवढं बोलून अक्कानं पदर डोक्यावर ओढला आणि ती बाहेर ढेकळांत, उन्हात खाली बसली. आत शिरायचं म्हटलं असतं तरी तिला ते जमलं नसतं. साडेतीन फुटांखाली वाकायला गुडघे लागतात. पत्र्याची वीतभर सावली बाहेर पडली होती, त्या सावलीत तिची एक पिंढरी तेवढी होती. गुरुजी मुकाट्यानं सरकले आणि तिच्या डोक्यावर आपली सावली पडेल असे उभे राहिले.

"हो तिकडं, मास्तर. मला शेळ्या दिसंनात," अक्का म्हणाली.

गुरुजी बाजूला झाले.

मी तिथं उभा राहून अक्काची उंची नजरेनं मोजली. आमच्या धंद्यात नजर बसलेली असते. पाच फुटांच्या आतबाहेर. वर चार इंच, डोकं आपटू नये म्हणून. सतरा इंच म्हणजे स्टुलाची उंची, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसा-उठायला बरी पडते. उजवी दांडी, कारण अक्का रानात पडली तेव्हापासून तिचा डावा खांदा उठत नव्हता. वर्षभर हा माणूस बाजारात शेळ्या मोजत हिंडला, आणि वहीत माप मांडलं ते बहिणीचं. तिच्यासाठी म्हणून केलं असतं, तर तिनं ते पेटीत टाकलं असतं. पेटीत मावलं नसतं तर मोडून चुलीत घातलं असतं. आणि मी शहाणा त्याच्याभोवती लाल गोल काढून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

"गुरुजी," मी म्हटलं, "माझ्याकडून मापात चूक झाली. घेऊन जातो परत."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग फक्त एवढंच म्हणाले, "गृहीत धरलंस."

आठ दिवसांत सांगाडा पुन्हा उभा केला, कागदावर होता तस्साच. दांडीला मी सायकलच्या मुठीचं रबर चढवलं, उन्हात हाताला चटका बसू नये म्हणून. ते कागदावर नव्हतं. गुरुजींनी दांडीवरून हात फिरवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला गुण्या लावला नाही.

रानात नेला तर शेळ्या आत जाईनात. उंच जागा, नवी फळी, त्या लांबूनच बघत राहिल्या. गुरुजींना हेच हवं असावं.

"अक्का," ते म्हणाले, "जनावर नव्या जागेत घुसत न्हाई. आदी मालकानं आत बसून दाखवावं लागतं."

"किती दिस?"

"आता हे जनावरावर हाय. ऊन उतरंस्तोर तर लागतीलच."

गणिताच्या मास्तरानं इतकं बिनपुराव्याचं विधान मी कधी ऐकलं नव्हतं. अक्कानं भावाकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं. दांडीला हात घातला, ताठ मानेनं आत गेली आणि फळीवर टेकली. पाय लांब केले. डोळे मिटले. वाऱ्याची एक झुळूक आत आली, तशी तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला. शेळ्यांनी याची काहीही दखल घेतली नाही. त्या बांधावरून उड्या मारून पत्र्यावर चढल्या आणि वर धाडधाड नाचू लागल्या.

"मास्तर," डोळे न उघडता अक्का म्हणाली, "शेळीला दांडी कशाला रं?"

तीस वर्षं दुसऱ्यांकडे सिद्धता मागणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी चाकाचे नट आवळायला खाली वाकलो.

"उन्हात कामून उबा हाईस?" अक्का म्हणाली. "वर्गाच्या भाईर काढलंय का तुला कुनी? ये, बस."

गुरुजी आत जाऊन तिच्याशेजारी बसले. तेव्हा कुठं मला फळीचं माप कळलं. अक्काला अडीच फूट पुष्कळ झाले असते. गुरुजींनी पाच लिहिले होते. पंख्याखाली एकट्यानं बसून कंटाळलेल्या त्या माणसानं आपलीही जागा धरून ठेवली होती.

वर शेळ्यांचा धुमाकूळ चालू होता. मी टेम्पो चालू करायला निघालो, तेव्हा अक्का म्हणाली, "मास्तर, उद्या येताना किटलीत च्या घिऊन ये. दोन कप आन. शेळ्यायला दुपारची तलफ येती."

गुरुजींनी खिशातून वही काढली आणि 'साहित्य' या मथळ्याखाली लिहून घेतलं. सिद्धता मागितली नाही.