मोठेबाबा बोलेनात

नवऱ्या मुलाकडचे, म्हणजे सिबियांकडचे मध्यस्थ भल्या पहाटे फाटकाशी उभे राहून मबाथा कुळाच्या बिरुदांचा पुकारा करत होते, आणि घरात थोकोआत्या संगणकासमोर बसून त्याला शिव्या देत होती.

"आवाज नाही गं याला!" मागच्या खोलीच्या दाराला तोंड लावून ती कुजबुजली. "काल संध्याकाळी तर पोरांना शिकवत होतीस की यावर!"

"मी येऊन बघते ना," आतून नोक्वाझी म्हणाली.

"खबरदार! गाई ठरेपर्यंत नवरीनं पाहुण्यांच्या नजरेला पडायचं नसतं. आतूनच सांग काय करायचं ते."

म्हणजे पंचाईत बघा. त्या डोंगरउतारावर संगणकातलं कळणारं माणूस एकच, शाळेत तोच विषय शिकवणारी नोक्वाझी, आणि नेमकी तीच आज दाराआड. तिचे वडील वारलेले. गाईंची, म्हणजे नवऱ्याकडून घ्यायच्या देजाची बोलणी करायचा मान थोरल्या काकांचा, ज्यांना अख्खं घर मोठेबाबा म्हणे. पण ते केप टाउनला मुलाकडे कमरेचं हाड मोडून पडले होते. म्हणून ठरलं, की ते तिकडून फोनवर बोलतील आणि इकडे पडद्यावर दिसतील. थोकोआत्या त्यांची सख्खी बहीण, पण थोरल्या भावासमोर बाईनं गाईंबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही रीत.

नोक्वाझीला खरी काळजी होती ती आवाजाची नव्हे, गाईंची. तिचा लुंगेलो मूई रिव्हरला नळजोडणीची कामं करायचा. चार वर्षं घाम गाळून त्यानं गाई जमवल्या होत्या सहा. मबाथांची मुलगी म्हणजे अकरा. मोठेबाबा अकरावर अडून बसले, तर उरलेल्या पाच येईपर्यंत लग्न लांबणार होतं. आणि गाई म्हणजे काही कोंबड्या नव्हेत.

मध्यस्थ आत आले. पुढे भेकुयिसे सिबिया, लुंगेलोचे चुलते, पन्नास लग्नं जुळवल्याचं स्वतःच सांगत फिरणारे. मागे बोंगुमुसा, त्यांचा मेहुणा, हातात पिशव्या. दोघंही भिंतीशी चटईवर बसले. समोर टेबलावर मोठेबाबा प्रकटले: डोक्यावर टोपी, छातीपर्यंत पांढरी दाढी आणि दाढीतून बाहेर आलेला पाइप. हा माणूस एरवीही बोलताना ओठ हलवत नसे. त्यात ते चित्र अडखळत, थबकत येत होतं.

भेकुयिसेंनी रीतसर ब्रँडीची बाटली पुढे सरकवली. हे देणं तोंड उघडण्याचं. ते ठेवल्याशिवाय मुलीकडचा माणूस बोलत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मबाथा," भेकुयिसे अदबीनं म्हणाले, "आपलं तोंड उघडावं."

मोठेबाबा ढिम्म. म्हणजे पडद्यावर ढिम्म. केप टाउनमध्ये त्यांनी चांगलं खणखणीत "अकरा गाई!" म्हटलं होतं, पण ते ऐकायला कोणी नव्हतं.

"बाटली पुरली नाही वाटतं," बोंगुमुसा पुटपुटला.

"गप रे. जुनं खोड आहे. मी ओळखतो असली माणसं."

थोकोआत्यानं सरळ सांगायला हवं होतं, की बाबांनो, यंत्र बिघडलंय. पण पाहुण्यांसमोर मबाथांचं यंत्र मुकं निघालं म्हटल्यावर कुळाची शोभा काय राहिली! ती फडकं घेऊन टेबल पुसायच्या निमित्तानं उठली, स्पीकरचा दिवा लागलेला आहे याची खात्री केली आणि मागच्या खोलीत सटकली.

"दिवा लागलाय, तरी मुका."

"मागच्या बाजूला तीन भोकं आहेत आत्या. हिरवं, गुलाबी, निळं. स्पीकरची वायर हिरव्यात आहे का बघ."

मागची बाजू बघायची तर टेबलाखाली शिरणं आलं. थोकोआत्या अंगानं भारदस्त. ती पाहुण्यांच्या देखत गुडघ्यांवर आली आणि रांगत टेबलाखाली गेली.

"हे काय चाललंय?" बोंगुमुसानं विचारलं.

"थोरल्या भावाचा मान ठेवतायत. शीक जरा. अशी घरं आता राहिली नाहीत," असं म्हणून भेकुयिसे स्वतःही गुडघ्यांवर आले. मेहुण्यानं कण्हत त्यांचं अनुकरण केलं. गुडघ्यांवरूनच त्यांनी पिशवीतलं जाड लोकरी कांबळं काढून बाटलीशेजारी ठेवलं.

"मबाथा, हात जोडतो. तोंड उघडावं."

वायर हिरव्यातच होती. आत्यानं ती उपटून गुलाबीत घातली, निळ्यात घातली, परत हिरव्यात घातली. डोकं टेबलाला आपटलं तेवढाच काय तो आवाज झाला. बाहेर येते तो समोर कांबळं. असं कांबळं तिनं ग्रेटाउनच्या दुकानात दोनदा हात लावून परत ठेवलं होतं. आता तर यंत्राचं नाव काढणं अशक्यच होतं. काढलं असतं, तर कांबळं परत पिशवीत गेलं असतं.

इकडे भेकुयिसेंचा धीर सुटत चालला होता. कांबळ्यावर मोठेबाबांसाठी आणलेली काठी चढली. काठीवर त्यांच्या बायकोसाठीची शाल. दर वस्तूगणिक तीच विनवणी, तोंड उघडावं. मोठेबाबा पाइप चावत बघत होते.

"आता माझ्याकडं काय उरलंय?" भेकुयिसे हताशपणे म्हणाले.

"कोट आहे की अंगावर," बोंगुमुसा म्हणाला. "लग्न काय माझ्या पुतण्याचं नाही."

भेकुयिसेंनी त्याच्याकडे जळजळीत नजर टाकली आणि कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.

तो कोट ढिगावर पडताना बघून आत्या पुन्हा मागच्या खोलीत धावली. "अगं, काहीतरी सांग! माणूस उघडा पडायची वेळ आली. थोड्या वेळानं विजार..."

पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. नोक्वाझी खाटेवर बसली होती आणि तिच्या कानांना तो बिनतारी हेडफोन होता, जो लावून ती संध्याकाळी पोरांना शिकवायची. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"रात्री हा बंद करायचा राहिला, आत्या. संगणकाला वाटतंय मी अजून शिकवतेच आहे. सगळा आवाज यात येतोय. आत्ताच उशीखालून कुणीतरी कुजबुजतंय असं वाटलं म्हणून बघितलं, तर मोठेबाबा."

"मग बंद कर की मेले!"

"आधी ऐक तर."

आत्या खाटेवर बसली. खाट करकरली. एक कान भाचीचा, एक आत्याचा, असा हेडफोन दोघींत वाटला गेला, आणि केप टाउनहून मोठेबाबांचा आवाज आला, स्पष्ट, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"आठ म्हणालो ना? अजून हे म्हणतात तोंड उघडा! अरे, मी अकरा म्हणालो, तोंड उघडा. दहा म्हणालो, तोंड उघडा. म्हणजे माझं बोलणं यांच्या हिशेबी बोलणंच नाही!" मग त्यांनी तिकडे बायकोला हाक मारली. "ऐकतेस का? असला कडक मध्यस्थ मी जन्मात बघितला नाही. भाव काही करत नाही, उलट वस्तू देऊन अपमान करतो. आता कोट काढून ठेवला माझ्यासमोर. या कोटाचा अर्थ काय लावायचा माणसानं?"

"सात म्हणा," पलीकडून काकूंचा आवाज आला.

"सात!" मोठेबाबा गरजले.

बाहेरच्या खोलीत भेकुयिसे हात जोडून म्हणाले, "मबाथा, आता तरी तोंड उघडावं."

थोकोआत्यानं तोंडात पदर कोंबला असता, पण तिच्या अंगावर होता तो एप्रन, तोच कोंबला. तिचं सगळं अंग हसण्यानं गदगदत होतं. नोक्वाझीही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढ्यात मोठेबाबांचा आवाज एकदम खाली आला.

"हे लोक उठून गेले तर गं? त्या पोरीला लुंगेलोच हवाय. मी भावाला शब्द दिलाय, तिला तिच्या मनासारखं घर बघून देईन म्हणून. गाईंपायी तिचं घर मोडलं, तर वर गेल्यावर त्याला काय सांगू?" तिकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "सहा. बास. सहाच. आणि देवा, यांना एकदाचा कंठ फुटू दे."

नोक्वाझीचं हसू विरलं. मोठेबाबांना ती आजवर दगड समजत होती; वडिलांच्या मातीलासुद्धा त्यांनी टिपूस काढलं नव्हतं. तिला भरून आलं, आणि खूप लाजही वाटली. तिनं हेडफोनचं बटण घट्ट दाबून धरलं. त्यातला बारीक दिवा विझला.

"सहा!" बाहेरच्या खोलीत स्पीकर एवढ्या जोरात ओरडले, की खिडकीतली कोंबडी फडफडून अंगणात पडली. आत्यानं मघाशी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. "सिबियांनो, सहा गाई! याच्याखाली मी येणार नाही!"

भेकुयिसे गुडघ्यांवरच मागे कलंडले. बोंगुमुसानं त्यांना सावरलं. सहा! अकरावरून किती खाली आणायचं, कसं आणायचं, कुठे रडायचं, हे सगळं ते रस्ताभर घोकत आले होते. घोकलेलं सगळं वाया गेलं.

"मान्य!" ते ओरडले. "मबाथा, मान्य! आत्ताच्या आत्ता मान्य!"

"हुश्श," मोठेबाबा म्हणाले. "सिबिया, मानलं तुम्हाला. एक आकडा न उच्चारता पाच गाई सोडवून घेतल्यात."

"मला मानता होय?" शर्टावर कुडकुडत भेकुयिसे म्हणाले. "तुम्ही तर तोंड न उघडता माझा कोट उतरवलात!"

दोघांनाही एकमेकांचं बोलणं नीट कळलं नाही, पण थोर माणसं एकमेकांचं कौतुक करतात तेव्हा ते समजून घ्यायची गरज नसते. आत्यानं ढिगातलं कांबळं तेवढं ओढून घेतलं आणि कोट उचलून भेकुयिसेंच्या खांद्यांवर घातला. कोट परत करायची रीत नाही, असं ते म्हणाले, पण अंगातून काढला मात्र नाही.

मग नवरीला बोलावणं आलं. डोकं झाकून, मान खाली घालून नोक्वाझी आली आणि चटईवर गुडघे टेकून बसली. रीतीप्रमाणे मोठेबाबांनी विचारलं, "पोरी, ही माणसं तुझ्या ओळखीची आहेत का?"

"हो, मोठेबाबा. मीच त्यांना बोलावलं."

"मग झालं तर." त्यांनी पाइप तोंडातून काढला. त्या दिवसात प्रथमच त्यांचे ओठ दिसले, आणि ते हसत होते. "तुझं यंत्र चांगलं निघालं गं. मला भीती होती, एवढ्या लांबून आवाज येतो की नाही. नीट ऐकू आलं ना सगळं?"

आत्याला एकदम खोकला लागला. नोक्वाझीनं मान वर केली नाही, पण डोळे पुसले.

"शब्दन् शब्द, मोठेबाबा," ती म्हणाली.