संपूर्ण मानवजातीस नोटीस

काही गुन्हे इतके मोठे असतात, की ते कुणा एकाविरुद्ध होतच नाहीत. थेट संपूर्ण मानवजातीविरुद्ध होतात. म्हणून ते जगात कुठेही घडले, तरी खटला आमच्याकडे चालवता येतो. एवढा उदार कायदा केल्यावर त्याला एक खोली देणं भागच होतं. ती खोली क्रमांक नऊ. (आधी तिथे मोडके पंखे ठेवत.) मी तिथला कारकून. अकरा वर्षांत आमच्या कक्षाने एकाही निरपराध माणसाला शिक्षा होऊ दिलेली नाही. (अपराध्यालाही नाही, पण अहवालात तो रकाना नाही.)

दीड महिन्यापूर्वी चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या मूळ देशातले एक निवृत्त कर्नलसाहेब दुकानात नजर तपासायला आले होते. त्यांनी तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली आणि बाईंनी आवाज ओळखला. वीस वर्षांपूर्वी याच आवाजाने, असंच सावकाश, त्यांच्या गल्लीत नावांची यादी वाचली होती. चौथं नाव धाकट्या भावाचं. यादीतलं कुणीही परत आलं नाही.

"गुरुवारी चष्मा न्यायला येणारे तो," बाई म्हणाल्या. "शनिवारी विमान आहे. तेवढ्यात धरा हो त्याला!"

"आपण मयताच्या कोण?" आमच्या कक्षाच्या साहेबांनी आपुलकीने विचारलं.

"बहीण."

"तिथेच घोडं अडतंय, ताई. गुन्हा मानवजातीविरुद्ध आहे. तुम्ही नुसत्या बहीण."

हे कुणालाही पटेल. ज्याचं नुकसान, त्याला आधी विचारावं. तेव्हा रीतसर संपूर्ण मानवजातीला नोटीस काढली: सदर गृहस्थांविरुद्ध आपली तक्रार असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे. मी ती टाइप करून दुसऱ्या मजल्यावरच्या फलकावर, पाण्याच्या टाकीमागे, चार टाचण्यांनी लावली. (एरवी दोनच लावतो.)

गुरुवारी बाईंनी कर्नलसाहेबांच्या नाकावर चष्मा बसवून दिला. दांडी कानामागे टोचते म्हणाले, तीही वाकवून दिली. शुक्रवारी कर्नलसाहेब पुढच्या खेपेच्या व्हिसाची चौकशी करायला आमच्या इमारतीत आले, पाणी प्यायला टाकीपाशी गेले, नव्या चष्म्यातून नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली आणि जागच्या जागी लेखी कळवलं: "माझी काही तक्रार नाही." अक्षर मोत्यासारखं.

तीस दिवसांत आलेलं हे एकमेव उत्तर. बाईंचा अर्ज धरता येईना, कारण प्रकरणात त्यांचा संबंध होता. कर्नलसाहेबांचा धरला, कारण गुन्हाच नोंदवलेला नसल्याने त्यांचा काहीएक संबंध नव्हता. बाकीची मानवजात गप्प राहिली. फाइल एकमताने बंद झाली.

निकालाची प्रत घ्यायला बाई आल्या. रडल्या नाहीत.

"नोटीस तुम्ही वाचली होती ना?" त्यांनी मला विचारलं.

"मीच टाइप केली."

"मग तुम्ही का नाही कळवलंत?"

मी समजावून सांगितलं, की दहा ते साडेपाच मी कर्मचाऱ्यांत मोडतो, आणि साडेपाचनंतर मानवजातीत आलो तरी कार्यालय बंद झालेलं असतं. बाई प्रतीची घडी घालून निघाल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे माहीत होतं! खरं आहे, टाकीमागे कोण डोकावतं? पण फेरविचारासाठी आणखी तीस दिवस असतात, आणि आता तर तुम्ही सगळं वाचलंत. म्हणून मी खोलीत तुमच्यासाठी एक जादा खुर्ची मागवली होती. मागणीपत्र कालच परत आलं. आमच्या साहेबांचा शेरा: "गरज भासेलसे वाटत नाही."