एक काडी, एक मौका

श्रावणजी निनावे पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी दार उघडायच्या आतच ते उकिडवे बसून माझ्या नव्या कोऱ्या पायपुसण्याचा कोपरा उपटत होते. मी "अहो काकाजी" म्हणेपर्यंत त्यांनी तो काथ्या माझ्याच बादलीत बुडवला, मनातल्या मनात साठ आकडे मोजले, झटकला, खिशातून काडेपेटी काढली आणि एक काडी ओढली. काथ्याने नुसता धूर काढला.

"नापास," ते म्हणाले. "बाई, दुकानदारानं फसवलं तुम्हाले."

आता पायपुसणं काय पेटवायला घेतात? पण हे श्रावणजींना सांगायची सोय नाही. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवते आहे, माझ्यासमोर भलेभले गप्प बसतात, पण या माणसापुढे माझी मात्रा चालत नाही.

उमरेड रोडवरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, आमच्या दोघांच्या घरांना एकच भिंत. ते जातिवंत विणकर. तारुण्य मागावर लुगडी विणण्यात गेलं, माग बंद पडल्यावर उरलेलं इतवारीच्या बाजारात एका कापड दुकानात गठ्ठे बांधण्यात. बायको चार वर्षांपूर्वी गेली. आता घरात ते एकटे, आणि सोबतीला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरलेल्या जगातल्या यच्चयावत पेटणाऱ्या वस्तू: नारळाच्या शेंड्या, संत्र्याची वाळकी सालं, सावरीचा कापूस, कापूर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. चुलीतल्या लाकडाखाली पहिली आग धरायला जे घालतात, त्या पेटवणाचा शोध हा त्यांचा उद्योग. नियम एकच. माल भिजवायचा आणि एका काडीत पेटला तरच पास. दुसरी काडी मागितली तर म्हणतात, "नाही जी. एक काडी, एक मौका."

त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी वनरक्षक आहे. म्हणजे पोरगी जंगलातली आग विझवायच्या नोकरीत, आणि बाप घरी आग लावायच्या नादात. गल्लीतली टवाळ मंडळी त्यांना पाठीमागे निनावेऐवजी आगलावे म्हणतात. ते त्यांच्या कानावर आहे, पण राग नाही. "आडनाव काही बी म्हणा, पेटलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

हे वेड लागलं ते गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात. पल्लवी जंगलातल्या एका चौकीत दोन दिवस अडकली. लाकडं ओली, कागद ओले, काड्या अर्ध्या संपल्या तरी चूल काही धरेना. कोरडे पोहे खाऊन, ओल्या कपड्यांत बसून राहिली आणि पुढे आठ दिवस तापाने दवाखान्यात पडली. बरी झाल्यावर तिने ही गोष्ट फोनवर हसत हसत सांगितली. श्रावणजी हसले नाहीत. मला म्हणाले, "पोरगी तिकडं कुडकुडून राहिली होती अन् मी इथं गरम चहा पिऊन राहिलो होतो. सांगा बाई, बाप म्हणावं का मले?"

मी म्हटलं, तिला बोलवा ना चार दिवस घरी. तर म्हणाले, "दिवाळीले येते. ते बी परतीची बस पाहूनच येते. घरात आता आहे काय तिच्यासाठी? आई होती तोवर गोष्ट वेगळी."

तेव्हा त्या दोघांत काय अडलं आहे ते मला समजलं: तिला यायला कारण उरलं नव्हतं आणि त्यांना बोलवायला. पण समजलं म्हणून मी माझा छळ माफ केला, असं कोणी समजू नये. एप्रिलमध्ये मी वर्षाची भिवापुरी मिरची घेतली आणि देठं खुडून सुपात ठेवली. सूप गेलं. दहा मिनिटांनी त्यांच्या अंगणातून असा ठसका उठला की गल्लीतली कुत्रीसुद्धा शिंकत पळाली. समोरच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. ते डोळे पुसत पुसत निघाले, आणि मुलीची आई समजली की त्यांना गहिवरून आलं. श्रावणजी स्वतः धोतराचा सोगा नाकाला लावून उभे. "पेटते बरोबर," खोकत खोकत म्हणाले, "पण चुलीपाशी माणूस टिकत नाही."

प्रत्येक मालाबद्दल त्यांचं मत ठाम. कापूर म्हणजे "नुसता भपका, पाण्यात टिकते पण लाकडाले आग द्यायच्या आधीच खलास." ट्यूबचं रबर भिजूनही पेटतं, "पण भाकरीले टायरचा वास. पोरगी खाईन का?" व्हॅसलीन चोळलेला कापूस पहिल्या वर्गात पास, पण त्यावर त्यांचा जीव नाही. त्यांना जिंकवायचं होतं आपलं सूत. मागाखाली उरलेलं, मेणात बुडवलेलं सूत. "हातमागाचं सूत मेडिकलच्या कापसाले हारते म्हंजे काय?" आणि नेमकं तेच प्रत्येक वेळी हरायचं. काडी लावली की काळं पडायचं आणि विझायचं. मेण बदललं, काडेपेटी बदलली, एकदा तर बादलीतलं पाणी बदललं. सूत नापास ते नापासच.

गेल्या पोळ्याला पल्लवी दोन दिवसांसाठी आली. श्रावणजींनी टिनाच्या शेडखाली बादली, डबे सगळं मांडलं आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं. पल्लवीने ऑनलाइन मागवलेल्या सर्व्हायव्हल किटमधली पेटवणाची पांढरी वडी बाहेर काढली. "बाबा, हे आहे ना माझ्याजवळ. तुम्ही काहून एवढा जीव काढून राहिले?" वडी भिजवली, काडी लावली, भक्कन पेटली. श्रावणजींनी आपल्या सुताचा गोळा बुडवला आणि काडी ओढली. गोळा काळा पडला आणि विझला.

मला खरंच वाईट वाटलं. परीक्षेत नापास झालेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण सत्तरीच्या घरातलं पाहिलं नव्हतं.

पल्लवीने डब्यातलं कोरडं सूत उचललं, दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. "बाबा, याले खळ लावली का तुम्ही?"

"लावली म्हंजे? बिनखळीचं सूत कधी राहिलं का आपल्या घरात?"

मग उलगडा झाला. सुताला तांदळाच्या पेजेची खळ लावली की त्याची लव बसते, तंतू गुळगुळीत होतो, मागावर तुटत नाही. आणि आग धरायला नेमकी ती लवच लागते. या माणसाने वर्षभर, मेण लावायच्या आधी, प्रत्येक धागा इमानाने खळ लावून गुळगुळीत केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. हातच तसे वळलेले.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण पल्लवीच आधी फुटली, आणि मग आम्ही तिघं टिनाखाली पोट धरून हसलो. बापलेकींनी बसून गरम पाण्यात सूत धुतलं, चुलीशी वाळवलं, पिंजलं, मेण लावलं. दुसऱ्या दिवशी ते भिजूनही एका काडीत पेटलं. श्रावणजींनी आठ पुड्या बांधल्या आणि पल्लवीने किटमधली वडी काढून त्या जागी ठेवल्या.

तेव्हापासून पल्लवी दर महिन्याला येऊ लागली. "पुड्या संपल्या," म्हणते. एक दिवस राहते, बापाच्या हातचं वांग्याचं भरीत खाते, पुड्या घेऊन जाते. हिवाळ्यात एकदा जाताना मला फाटकाशी थांबवून हळूच म्हणाली, "बाई, चौकीवर गॅस आला दिवाळीपासून. पुड्या सगळ्या ट्रंकेत पडून आहेत. पण बाबाले सांगू नका. मग ते दिवसभर करतीन काय?"

मी शब्द दिला. गुपित पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही, तरी महिनाभर ठेवलं. पण परवा श्रावणजी पुन्हा अंगणात सूत पिंजत बसलेले दिसले. चष्मा नाकावर, पाठीत बाक, मांडीवर मेणाचा डबा. समोर सूत ढीगभर आणि पुड्या मोजून आठच. मला राहवलं नाही.

"काकाजी, एवढं सूत आहे तर वीस-पंचवीस बांधून द्या ना एकदम. पोरीचा हेलपाटा वाचेल."

त्यांनी मान वर केली नाही.

"गॅस आहे जी तिकडं," ते म्हणाले. "तिच्या चौकीवरचा पोरगा बोलून गेला फोनवर. तुम्ही तिले सांगू नका, मले माहीत आहे म्हणून."

"मग या पुड्या कशाला करताय?"

त्यांनी आठवी पुडी दोऱ्याने बांधली, गाठ दाताने ओढून पक्की केली आणि बाकीचं सूत पुन्हा डब्यात भरलं.

"वीस देल्या तर दोन-तीन महिने येणार नाही ना बाई पोरगी."