तिरप्या टोकाचे ठिपके

त्या शनिवारी मी आपण होऊन बायकोला म्हणालो, ‘‘मदत करू का?’’ (तापबीप नव्हता. उगाचच म्हणालो.) ती घरी केक करून विकते आणि संध्याकाळी पाचला गिऱ्हाईक यायचं होतं.

माझं काम अणूंची चित्रं काढायचं. प्रयोगशाळेतल्या यंत्राची अतिबारीक सुई धातूच्या तुकड्यावरून, त्याला न शिवता फिरते आणि अणूंचं चित्र उमटतं. तेच चित्र मी कॉम्प्युटरवर गणितानं काढतो. माझे अणू छान गोल आले होते. प्रयोगशाळेतल्या बाईंचे मात्र लांबुळके, एका बाजूला कललेले. मी ऐटीत कळवलं, ‘‘तुमचा तुकडा खराब आहे.’’ बिचाऱ्यांनी तो दोनदा साफ केला. आता त्या तो टाकूनच देणार होत्या. तीन महिन्यांची मेहनत!

तर, बायकोनं क्रीमची पिशवी माझ्या हातात दिली. ‘‘नुसते ठिपके द्या. ओळीत. जमेल ना?’’

‘‘अगं, मी अणू रांगेत बसवणारा माणूस!’’

पाच ओळी झाल्यावर ती डोकावली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. (ती तशी उभी राहिली की मला घाम फुटतो.)

‘‘सगळे ठिपके एका कुशीवर का झोपलेत?’’

‘‘केकच उंचसखल असेल.’’

‘‘केकला काय धाड भरलीय? तुम्ही टोक तिरपं धरलंय!’’ तिनं माझं मनगट सरळ केलं. पुढचा ठिपका गोल!

माझे डोळे खाडकन उघडले. गणितात मी सुईचं टोक सरळ, गुळगुळीत धरलं होतं. खरं टोक तिरपं असलं तर?

पिशवीसकट लॅपटॉपकडे धावलो. (क्रीम कीबोर्डभर.) गणितातलं टोक कलवलं. तासाभरानं चित्र आलं, हुबेहूब बाईंच्यासारखं!

लगेच फोन लावला. ‘‘बाई, तुकडा टाकू नका! चूक माझीच.’’

‘‘वाचवलंत हो!’’ त्या म्हणाल्या.

खरं वाचवणारी ओट्याशी उभी राहून माझे ठिपके खरवडत होती. पाचच्या आत तिनं केक नव्यानं सजवला, मला एका शब्दानं बोलली नाही. मला अगदी भरून आलं. शोधनिबंधात तिचे जाहीर आभार मानायचं ठरवलं, आणि मानले.

निबंध छापून आल्यावर तिच्यापुढे ठेवला. ‘‘तीन तज्ज्ञांनी तपासलाय. एक चूक सापडली नाही!’’

तिनं आभाराची ओळ दोनदा वाचली.

‘‘अख्ख्या निबंधात मला कळलेली ही एकच ओळ,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तीत माझं नाव चुकलंय.’’