यकृताचा परवाना

बेचाळिसाव्या वर्षी काचेरावांचं यकृत कामाला लागलं.

तोवर ते इतर सगळी कामं बिनतक्रार करायचं. पण रक्त गोठवणारं एक प्रथिन तयार करायचं काम त्याने जन्मापासून टाळलं होतं. कापलं तर निदान दिसायचं तरी. गुडघ्यात आतल्या आत रक्त साचलं की आठवडाभर पाय उशीवर ठेवून पडावं लागे. त्यामुळे लहानपणी त्यांना कोणी पळू दिलं नाही, कोणी खेळायला घेतलं नाही. काचेच्या भांड्यासारख्या जपलेल्या या मुलाला गल्लीने जे नाव ठेवलं, ते मिशा आल्यावरही सुटलं नाही. फक्त मागे ‘राव’ लागलं.

वडील सुतार होते. त्यांच्या कारखान्यात काचेरावांना उंबरठ्यापर्यंत यायची मुभा होती. आत रंधे, करवती, पटाश्या. मोठेपणी ते त्याच कारखान्यासाठी टेबलखुर्च्यांची चित्रं काढू लागले, तीही उंबरठ्यावर बसूनच. पेन्सिलीला टोक बायको काढून द्यायची. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि आठवड्यातून दोनदा फ्रिजमधली बाटली काढून त्यांना त्या प्रथिनाचं इंजेक्शन टोचायची.

मग इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला. एका विषाणूचं नुसतं टरफल घ्यायचं, आतला सगळा खोडसाळपणा काढून टाकायचा आणि त्या जागी प्रथिनाची कृती लिहिलेलं जनुक भरायचं. टरफल ते यकृतापर्यंत पोचवतं. बाई म्हणाल्या, की पोस्टमन म्हणून विषाणूचा हात धरणारा कोणी नाही. पत्ता चुकत नाही आणि घरी कोणी नसलं म्हणून परत जात नाही. काचेराव तासभर सलाइनची नळी लावून पडून राहिले. सहा आठवड्यांनी तपासणी झाली. प्रथिन तयार होत होतं, आणि चांगलं भरपूर होत होतं.

दुसऱ्याच दिवशी काचेरावांनी उंबरठा ओलांडला. वडिलांची पटाशी घेतली आणि बायकोसाठी पुस्तकांचं कपाट करायला घेतलं. तिसऱ्या दिवशी पटाशी निसटली आणि अंगठ्यात शिरली. बायकोने फडकं दाबलं, दुसऱ्या हातात घड्याळ धरलं. सात मिनिटांत रक्त थांबलं. दोघं त्या अंगठ्याकडे नुसती बघत राहिली. ती रडली, आणि यांनी फडकं पुन्हा उचलून खरंच थांबलंय ना ते तीनदा पाहिलं. त्या जखमेचं घरात जेवढं कौतुक झालं, तेवढं पुढे कपाटाचंही झालं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण इस्पितळात एक प्रामाणिक कारकून होता.

रुग्णाला दिलेल्या प्रत्येक औषधाचा एक तक्ता भरायचा असतो. औषधाचं नाव, उत्पादक, उत्पादनाचं ठिकाण. पूर्वी काचेरावांच्या तक्त्यात कंपनीचं नाव असायचं. आता कंपनी उरली नव्हती, आणि रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. कारकुनाने थोडा विचार करून ‘उत्पादक’ या रकान्यात लिहिलं : रुग्ण स्वतः. ‘उत्पादनाचे ठिकाण’ या रकान्यात लिहिलं : यकृत, उजवीकडे, बरगड्यांखाली.

तक्त्याची एक प्रत औषध नियंत्रण कार्यालयात गेली. तिथे आलेले कागद वाचायची पद्धत नव्हती. पण त्या महिन्यात एक परवाना अधिकारी बदलून आल्या होत्या, आणि त्यांना वाचायची सवय होती.

पंधरा दिवसांत नोटीस आली. ‘आपण आपल्या ताब्यातील जागेत औषधाचे विनापरवाना उत्पादन करीत असल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. तरी आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत समक्ष येऊन करावा.’

परवाना अधिकारी मॅडम अत्यंत सभ्य होत्या. त्यांनी काचेरावांना खुर्ची दिली, तब्येत सुधारल्याबद्दल मनापासून अभिनंदन केलं आणि नियमांचं पुस्तक उघडलं.

“जागा स्वतःची की भाड्याची?” त्यांनी विचारलं.

“कुठली जागा?”

“यकृत.”

“माझंच आहे.”

“पण आतली कृती एका कंपनीची, आणि ती आत नेणारं टरफल दुसऱ्या कंपनीचं. म्हणजे तुम्ही नुसते जागामालक. कंत्राटी उत्पादनाचा अर्ज करा. नमुना अकरा.”

काचेरावांनी वाद घातला नाही. जन्मभर सगळ्यांनी आपल्यासाठी डोळ्यांत तेल घातलं, आता आपण थोडा त्रास सोसला तर काय बिघडलं, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी नमुना अकरा तीन प्रतींत भरला.

मग तपासणीला निरीक्षक आले. दमलेला, भला माणूस. हातात फूटपट्टी आणि चौसष्ट प्रश्नांची यादी. कच्चा माल येण्याचा आणि टाकाऊ माल जाण्याचा मार्ग वेगवेगळा आहे का, असा पहिलाच प्रश्न होता. बायकोने चेहरा सरळ ठेवून सांगितलं, की आहे, आणि त्याबाबत आजवर कधी गोंधळ झालेला नाही. उंदीर-घुशींचा उपद्रव? नाही. उत्पादन आठवड्यातून एक दिवस बंद असतं का? नसतं. मग सातही दिवस चालू ठेवायची वेगळी परवानगी लागेल. दर्शनी भागावर पाटी? ती नव्हती. निरीक्षकांनी फूटपट्टीने मोजून शर्टाच्या तिसऱ्या बटणाच्या उजवीकडची जागा ठरवून दिली. दुसऱ्या दिवसापासून काचेराव पत्र्याची छोटी पाटी लावून हिंडू लागले : ‘उत्पादन केंद्र. परवानगीशिवाय आत प्रवेश नाही.’ गल्ली पोट धरधरून हसली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक तर रोज सकाळी गॅलरीतून विचारत, की आज पहिली पाळी वेळेवर सुरू झाली का.

एकोणसाठावा प्रश्न अवघड निघाला. उत्पादन चालू असताना विज्ञानाची पदवी असलेला देखरेख अधिकारी जागेवर हजर हवा. उत्पादन कधी थांबतच नव्हतं. बायकोकडे पदवी होती. तिची नेमणूक झाली. पण तिला शाळाही होती. तेव्हा रोज सकाळी काचेराव तिच्याबरोबर निघायचे आणि विज्ञानाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे. मुख्याध्यापिकेने आधी आक्षेप घेतला. पण वर्गात पचनसंस्थेचा धडा चालू होता आणि शाळेतला तक्ता फाटलेला होता, म्हणून त्यांनी काचेरावांना राहू दिलं.

सुतारकाम संध्याकाळी चालायचं. देखरेख अधिकारी लाकडाच्या ढिगावर बसून वह्या तपासायची आणि मधूनच उत्पादनाकडे बघायची. एकंदरीत त्या दोघांचे ते दिवस मजेत गेले. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर बायकोने आपल्याकडे सतत बघत राहावं असा सरकारी आदेश किती जणांना मिळतो, असं काचेराव म्हणायचे. तात्पुरता परवाना हातात आला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने चौकट करून तो भिंतीवर लावला.

परवान्याच्या मागच्या बाजूला अटी होत्या. दर आठवड्याच्या उत्पादनाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. अहवाल चौदा दिवसांत येईल. तोवर तो माल वापरात आणू नये. आणि देखरेख अधिकाऱ्याने अपघातांची माहिती दर शुक्रवारी कळवावी.

बायकोही प्रामाणिक होती. एका शुक्रवारी तिने कळवलं, की कपाटाची तिसरी फळी बसवताना उत्पादकाच्या डाव्या तर्जनीला इजा झाली आणि रक्त सहा मिनिटांत थांबलं.

उलट टपाली नोटीस आली. रक्त थांबलं, याचा अर्थ माल वापरला गेला होता. अहवाल यायला अजून नऊ दिवस होते. ‘चाचणी न झालेले औषध एका रुग्णास दिल्याचे आपल्याच पत्रावरून सिद्ध होते. सदर रुग्ण आपण स्वतः असल्याने गुन्ह्याचे गांभीर्य कमी होत नाही.’ चौकशी पूर्ण होईतो उत्पादन बंद, केंद्राला सील. दरम्यान रुग्णाने परवानाधारक कंपनीचं इंजेक्शन घ्यावं आणि धारदार हत्यारांपासून लांब राहावं.

डॉक्टरीणबाई भडकल्या. त्यांनी कार्यालयाला खरमरीत पत्र लिहिलं, की यकृत बंद करायचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे रुग्णाला बंद करणं. पत्र फायलीत लागलं. समासात कोणीतरी शेरा मारला : ‘पर्यायाची नोंद घेतली.’

निरीक्षक सुतळी, लाख आणि पितळी शिक्का घेऊन घरी आले. त्यांना मनातून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. ते गुडघ्यावर बसले, काचेरावांना जरा श्वास सोडा म्हणाले, शर्टावरून सुतळीचे दोन वेढे घेतले आणि गाठीवर गरम लाख ओतून शिक्का उमटवला. आंघोळीचं काय करायचं, असं काचेरावांनी विचारलं. सील तुटलं तर मामला फौजदारी होतो, एवढंच निरीक्षक म्हणाले, आणि पाणी पिऊन निघून गेले.

पाच दिवस काचेराव त्याच शर्टात होते. जेवताना पोट फुगलं की सुतळी रुतायची. फ्रिजमध्ये पुन्हा बाटल्या आल्या. कपाट तीन फळ्यांवर अडकलं होतं, आणि ते पुन्हा कारखान्याच्या उंबरठ्यावर येऊन बसले होते. सहाव्या दिवशी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला. राग आवाज चढवून आला नाही; त्याची त्यांना सवयच नव्हती. बायकोला ते एवढंच म्हणाले, “शरीरामुळे बसलो होतो तेव्हा काही वाटलं नाही गं. कागदामुळे बसवत नाही.”

सुनावणीला ते शर्टासकट गेले. मॅडमनी काही सांगायचं आहे का विचारलं.

“एकच विचारायचंय,” काचेराव म्हणाले. “हे प्रथिन माझ्या यकृतात गेल्या वर्षापासून तयार होतं. तुमच्या यकृतात जन्मापासून होतंय. तुमचा परवाना कुठे आहे?”

निरीक्षक खिडकीबाहेर बघू लागले. काचेरावांची बायको मॅडमकडे बघत होती. तिला वाटलं, बाई आता हसतील, फाइल मिटतील आणि सगळे घरी जातील.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून व्याख्या वाचली. ‘ज्या कोणत्याही जागेत सदर औषध तयार होते ती जागा.’ मग सूट दिलेल्यांची यादी वाचली. तीत संशोधन संस्था होत्या, लष्करी इस्पितळं होती, जनावरांचे दवाखाने होते. जन्मतः उत्पादन करणाऱ्यांचा उल्लेख नव्हता. त्यांनी यादी पुन्हा एकदा वाचली. चष्मा पुसला.

“तुमचं म्हणणं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून गंभीर चूक झाली आहे.”

त्यांनी टेबलाच्या खणातून नमुना अकरा काढला, आपलं नाव लिहिलं, आणि निरीक्षकांना सुतळी आणायला सांगितली.

काचेरावांचं सील त्याच दिवशी निघालं. अख्ख्या शहरात परवाना मागितलेला तो एकटाच माणूस होता, आणि आता त्याच्यावर कारवाई करण्यात अर्थ नव्हता. बाकीचे शिल्लक होते. घरी जाऊन त्यांनी आधी आंघोळ केली, मग चौथी आणि पाचवी फळी बसवली. कपाट जरासं डावीकडे झुकलेलं आहे. बायको म्हणते, तिला तसंच हवं होतं.

परिपत्रक सोमवारी निघालं. सर्व नागरिकांनी तीस दिवसांत आपापल्या यकृतासाठी अर्ज करावा. काचेरावांना वाटलं, आता लोक खवळतील. ज्या गल्लीने आपल्या पाटीला इतके महिने हसून घेतलं, ती हे परिपत्रक फाडून फेकेल, निदान पुन्हा एकदा हसेल तरी.

सोमवारी दुपारी लोकांनी फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. मंगळवारी झेरॉक्सच्या दुकानात तो मिळू लागला. बुधवारी निवृत्त मुख्याध्यापक घरी आले आणि पाटी बनियनवर चालते की शर्टावरच हवी, याची हळू आवाजात चौकशी करून गेले. ज्यांच्या घरी विज्ञानाचं कोणी शिकलेलं नव्हतं, ते तशी सून बघू लागले. गुरुवारी एका जागरूक वाचकाचं खणखणीत पत्र वर्तमानपत्रात आलं. फॉर्मवरची अक्षरं फार बारीक आहेत, हा प्रशासनाचा निष्काळजीपणा आहे, असं त्याने लिहिलं होतं. शुक्रवारी ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी म्हणून मोर्चा निघाला, आणि मागणी मान्य झाल्यावर विजयी होऊन परतला.

शनिवारी काचेराव कार्यालयावरून चालले होते. रांग कोपऱ्यावरून वळून पार पुढच्या चौकापर्यंत गेली होती. ते एकेकापाशी थांबून सांगू लागले, की अहो, हे सगळ्यांच्याच पोटात जन्मापासून चालू आहे, कोणीच फॉर्म भरला नाही तर कोण कोणाला सील करणार. लोकांनी ऐकून घेतलं. एकाने त्यांना मधे घुसू नका म्हणून बजावलं. दुसरा म्हणाला, “तुमचं काय जातंय बोलायला? तुमच्याकडे परवाना आहे.”

तुम्हीही तेव्हा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंत, जरासे हसलात आणि पुन्हा वाचायला लागलात. रांगेत वेळ घालवायला काहीतरी हाताशी असलेलं बरंच. पण आता पुढे सरका, मागचे खोळंबलेत.